किंचित हलला

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. पुण्यात आईला तर नाहीच – मी हरणांच्या शिकारीला जायचो हेच तिला माहीत नाही, पुढचं काय सांगणार? गेली काही वर्षं हे आत घेऊन मी फिरतोय. सकाळी वॉटफर्डला ट्रेनमध्ये बसतो, आणि मधेच, काही कारण नसताना, उठून दाराशी जाऊन उभा राहतो. शेजारचा वाट देतो. त्याला वाटतं याचं स्टेशन आलं. स्टेशन आलेलं नसतं. मला फक्त बसवत नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंय. ओळखत असतात तर तुम्हीही कधीतरी फोन केलाच असतात – सुहास, डिशवॉशर कुठला घेऊ? सुहास, मुलाला टेलिस्कोप हवाय, काय बघू? आमच्या मंडळात, म्हणजे इथे विलायतेतल्या मराठी लोकांत, माझी ओळख तेवढीच आहे. मी काही मोठा माणूस नाही. एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करतो – दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच काम. पण वस्तू निवडावी तर मीच. दहा रिव्ह्यू वाचायचे, त्यातले सहा खोटे आहेत हे ओळखायचं, आणि मग ठामपणे सांगायचं: हा घ्या. लोक म्हणायचे, सुहासने सांगितलं म्हणजे झालं. हे वाक्य ऐकायला मला किती आवडायचं, ते सांगताना आता लाज वाटते. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जयवंतदादांबद्दल सांगतो. डॉक्टर जयवंत माने. कागलचे. मिरजेला शिकले, तरुणपणीच इथे आले, आणि कानाचे सर्जन झाले. कानाच्या आत एक हाड असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान. ते घट्ट होऊन बसलं की माणसाला ऐकू येईनासं होतं. दादा मायक्रोस्कोपखाली ते काढायचे आणि तिथे नवीन बसवायचे. केसभर हात इकडेतिकडे झाला तर तो कान कायमचा गेला. असं काम ते आठवड्यातून दोन दिवस करायचे आणि शनिवारी आम्हाला पिनरच्या घरी बोलवून तांबडा रस्सा वाढायचे. हरणाचा. सुनीतावहिनी माळकरी घरातल्या, त्यांच्या स्वयंपाकघरात मांस येत नसे, म्हणून दादा मागच्या शेडमध्ये गॅसची शेगडी पेटवून तो करत. बाहेर पाऊस, आत कांदा-लसूण मसाल्याचा खकाणा, आणि खोकत खोकत दादा – "लेका, रानातलं आहे, फ्रीजरातलं नव्हं!"

इथे हरणं फार झालीत. लांडगे नाहीत, वाघ नाही, खाणारं कुणी नाही. नवीन लावलेली झाडं आणि शेतातला गहू फस्त करतात. म्हणून शेतकरी लायसन्स असलेल्या माणसांना बोलावतात. चिल्टर्न्सच्या टेकड्यांत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन होती, तिथे दादांना परवानगी होती. वर्षातल्या काही थंड दुपारी ते बंदूक घेऊन जात. मी बरोबर असायचो. माझ्याकडे लायसन्स नव्हतं, मी कधी गोळी झाडली नाही. दुर्बीण धरायची, फ्लास्क उचलायचा, गप्प बसायचं. मी पुण्यातला वरणभात खाणारा माणूस – तिकडे का जायचो? खरं सांगू? दादा मला सोबत नेत होते म्हणून. एवढा मोठा माणूस, आणि त्याला माझी सोबत हवीशी वाटते – तेच पुरेसं होतं.

तिथेच एकदा, लाकडी मचाणावर बसलो असताना, त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली होती. वडील कागलला शाळामास्तर. अक्षर असं, की गावातल्या लग्नपत्रिका त्यांच्या हातच्या. साठी उलटली आणि हात थरथरायला लागला. आधी करंगळी, मग सगळा पंजा. शेवटी शेवटी आई बशीतून चहा पाजायची. सांगून झाल्यावर दादांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला, बोटं ताठ, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "अजून तरी ठीक आहे," म्हणाले. मी काहीतरी हसण्यावारी नेलं. पण मला कळलं होतं. या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती आहे, आणि ती कुठली ते मला माहीत आहे. हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

त्यांची साठी आली. मंडळातल्या सगळ्यांनी मिळून एक भेट द्यायची ठरलं. काय द्यायचं? मी म्हणालो, लेझर रेंजफाइंडर. कुणाला कळेना ते काय. मुठीत मावेल एवढी एका डोळ्याची दुर्बीण. समोरच्या वस्तूवर रोखायची, बटण दाबायचं. किरण जातो, आपटून परत येतो, आणि ती वस्तू किती लांब आहे तो आकडा आत डोळ्यापुढे उमटतो. गोळी सरळ रेषेत जात नाही, लांब जाईल तशी खाली पडते. म्हणून अंतर नक्की माहीत असेल तर नेम तेवढा वर धरता येतो. दादा आजवर डोळ्याच्या अंदाजानेच चालत, आणि लांबचं जनावर सोडून देत.

निवडायचं कुणी? अर्थातच मी.

ते तीन आठवडे मी किती खुशीत होतो! रोज संध्याकाळी जेवण झालं की लॅपटॉप. डब्यावर लिहिलेला पल्ला खरा नसतो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं – तो चकचकीत पाटीवर मोजलेला असतो. हरणाची कातडी प्रकाश पिते, तिथे त्याच्या अर्ध्यावर समाधान मानायचं. काळे आकडे संध्याकाळी झाडीच्या पार्श्वभूमीवर दिसत नाहीत, लाल उजळणारे हवेत. दादांना चष्मा होता, म्हणजे डोळा जरा लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. पुढे गवत असेल तर यंत्र गवताचं अंतर सांगतं की मागच्या जनावराचं? उतारावरून खाली बघताना हिशोब बदलतो, तो ते स्वतः करतं का? थंडीत बॅटरी टिकते का? हातमोजे घालून बटण दाबता येतं का? एकेक मॉडेल बाद करत गेलो. शेवटी एक उरलं. मंडळाच्या ग्रुपवर मी लांबलचक मेसेज लिहिला, हेच का घ्यायचं त्याचा. कुणी वाचला असेल असं वाटत नाही. सगळ्यांनी अंगठे पाठवले. सुहासने सांगितलं म्हणजे झालं.

ते घरी आलं, आणि मला राहवेना. भेट द्यायच्या आधी तपासून बघायला नको? आमच्या घराजवळ एक गोल्फ कोर्स आहे. एका रविवारी सकाळी कुंपणाच्या बाहेरच्या पायवाटेवर उभा राहून मी एकेका खांबावर ते रोखलं. गोल्फच्या मैदानावरचे खांब यार्डांत असतात – इथे पेट्रोल लिटरमध्ये आणि रस्ता मैलांत, गोल्फ यार्डांत आणि कापड मीटरमध्ये, हे तुम्हाला माहीतच असेल. म्हणून मी यंत्रातली सेटिंग मीटरवरून यार्डांवर नेली. बटण जरा वेळ दाबून धरलं की बदलते. शंभरचा खांब – शंभर. दीडशेचा खांब – एकशे एकोणपन्नास. मी एकटाच तिथे उभा राहून हसलो. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पाऊस आला. मी ते पाऊचमध्ये टाकलं आणि घरी आलो.

सेटिंग परत फिरवली नाही.

एवढीच चूक. अशा चुका होतात – मी रोज ऑफिसात अशा चुका पकडतो आणि ज्याची चूक त्याला कळवतो. ही माझी गोष्ट या चुकीची असती तर मी तुम्हाला इतका वेळ धरून बसवलं नसतं.

भेट देऊन झाल्यावरची पहिलीच खेप, फेब्रुवारीतली दुपार होती. हवा कोरडी, आकाशात दोन घारी. आम्ही टेकडीच्या कडेला पालथे पडलो होतो, दादा बंदुकीमागे, मी त्यांच्या डावीकडे. खालच्या खोलगट शेतात, पलीकडच्या उतारावर, सहा-सात हरण्या गव्हात चरत होत्या. एक बाजूला, एकटी, पूर्ण आडवी उभी. दादांनी एरवी एवढ्या लांबचं जनावर सोडलंच असतं. मीच पुटपुटलो, दादा, आता काय काळजी? मी यंत्र रोखलं. आकडा लाल उमटला.

"दोनशे सत्तर," मी म्हणालो.

दादा जरा थांबले. "मला अडीचशेच्या आतच वाटतंय रे."

"यंत्र दोनशे सत्तर म्हणतंय."

"मीटर ना?"

"मीटर."

बघितलं मी? आकड्याच्या शेजारी, कोपऱ्यात, एक बारीक अक्षर असतं – मीटर असेल तर एम, यार्ड असेल तर वाय. तेवढं बघायला किती वेळ लागतो? मी बघितलं नाही. मी म्हणालो, मीटर. दादांनी आपल्या तीस वर्षांच्या डोळ्यावरचा विश्वास बाजूला ठेवला आणि माझ्या यंत्रावर ठेवला. बंदुकीवरची, नेम वर-खाली करणारी चकती दोनशे सत्तर मीटरसाठी फिरवली. यार्ड मीटरहून लहान, म्हणजे ती हरणी खरं तर अडीचशे मीटरच्या आत होती. दादांना दिसली तेवढीच.

गोळी सुटली. हरणी जागच्या जागी कोसळली. मी दादांच्या खांद्यावर हात ठेवला – शाब्बास म्हणायला. आणि ती उठली. मागचे पाय ओढत, धडपडत, कुंपणातून पलीकडच्या झाडीत शिरली.

दादांच्या तोंडून एक आवाज आला. तो मी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

नियम असा की लगेच मागे धावायचं नाही. थांबायचं. मग आम्ही खाली उतरलो, गव्हात थोडे केस सापडले, थोडं रक्त. झाडीत काटेरी जाळ्या इतक्या दाट की माणूस वाकूनही जाऊ शकत नव्हता. उजेड संपत आला. शेतकऱ्याने हेलन नावाच्या बाईला फोन लावला – तिच्याकडे जखमी जनावर शोधणारा कुत्रा होता. ती म्हणाली, आता नको, अंधारात ते आणखी लांब पळेल, पहाटे येते. दादांनी ते ऐकलं आणि गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले. ते जनावर रात्रभर तिथे पडून राहणार होतं. त्यांच्यामुळे – असं त्यांना वाटत होतं.

मी गाडीत बसून सामान भरत होतो. यंत्र पाऊचमध्ये घालण्याआधी – का, कुणास ठाऊक – काचेतून समोरच्या गोठ्याच्या दारावर रोखलं. आकडा उमटला. आणि शेजारी बारीक वाय.

मला कळायला क्षणही लागला नाही. गोल्फ कोर्स, पाऊस, पाऊच. सगळं एकदम. दादा बाहेर, पाठमोरे. मी काय केलं असेल, सांगा? तुम्ही काय केलं असतंत? मी बटण दाबून धरलं. वाय गेला, एम आला. यंत्र पाऊचमध्ये, पाऊच बॅगेत, बॅगेची चेन बंद. हात इतके सफाईने चालले, की मला अजून ते हात दुसऱ्या कुणाचे वाटतात. ते माझेच होते.

दादा आत येऊन बसले. किल्ली लावली नाही. दोन्ही पंजे स्टिअरिंगवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले,

"सुहास, तू शेजारीच होतास. खरं सांग. माझा हात हलला का?"

इथे मी थांबतो जरा. कारण एवढ्यासाठीच मी हे सगळं सांगायला बसलो.

मी त्यांच्या हाताकडे बघतच नव्हतो. मी हरणीकडे बघत होतो. 'माहीत नाही दादा' म्हणता आलं असतं, आणि तेही खरं ठरलं असतं. पण माझ्या डोक्यात त्या एका श्वासात केवढा हिशोब झाला! हात हलला नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न काय येणार? मग नेम का चुकला? मग अंतर. मग यंत्र. मग – कुणी निवडलं, कुणी लावून दिलं, 'मीटर' कोण म्हणालं. मंडळातले सगळे. तो लांबलचक मेसेज.

"किंचित," मी म्हणालो. "किंचित हलला."

दादांनी मान हलवली. हळू, दोनदा. जणू फार दिवस ज्याची वाट बघत होते ते पत्र आलं. मग गाडी सुरू केली.

पहाटे हेलनच्या कुत्र्याला ती सापडली. जिवंत होती. हेलनने एका गोळीत संपवलं. जखम पाठीच्या कण्याच्या जरा वर होती, नेमापेक्षा चार बोटं वर – सरळ वर, डावी-उजवीकडे काही नाही. ज्याला कळतं त्याला ती जखमच सांगत होती की हे अंतर चुकल्याचं काम आहे. मला कळत होतं. तीन आठवडे दुसरं वाचलंच काय होतं? दादा वाकले, जखमेत बोट घातलं, म्हणाले, "ट्रिगरला हात उचलला गेला." तिच्या पोटात पिल्लू होतं. फेब्रुवारीत असतंच. दादांनी ते आधीही पाहिलेलं होतं. त्या दिवशी मात्र ते कुंपणाशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

सोमवारी त्यांनी हॉस्पिटलमध्ये सांगितलं, की मी ऑपरेशन करणार नाही. मंगळवारची यादी दुसऱ्याकडे गेली. मला वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होतो. खाली उतरलो, मग परत वर चढलो, मग परत खाली. मी काय समजत होतो? फार तर बंदूक सोडतील. बंदूक सोडतील, बस्स – असं मी खरंच समजत होतो का? की मला माहीत होतं, आणि मी तरी म्हणालो?

पुढे संधी आल्या नाहीत असं नाही. ते मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. सगळ्या तपासण्या झाल्या, काहीच निघालं नाही. कंप नाही, कशाची सुरुवात नाही. वहिनींना इतका आनंद झाला, की त्यांनी साखरभात केला आणि मला बोलावलं. जेवताना म्हणाल्या, "अहो, आता तरी ऐका. एवढा मोठा डॉक्टर सांगतोय काही नाही म्हणून." दादा शांतपणे जेवत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मशीनला काय कळतंय? खोलीत बसून हात पुढं करा म्हणतात. तिथं कुठला हलतोय. कामाच्या वेळी हलतो तो. आणि ते बघितलंय याने. स्वतःच्या डोळ्यांनी."

वहिनींनीही माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनंती होती. भावजी, म्हणा ना काहीतरी. म्हणा की तुम्हाला भास झाला असेल. एवढंच म्हणायचं होतं. मला कबूल करायलाही नको होतं, नुसतं मागे घ्यायचं होतं. माझ्या तोंडात साखरभात होता. तो मी गिळला, आणि म्हणालो की भात फार छान झालाय.

वर्ष सरायच्या आत ते रिटायर झाले. बंदुका डीलरला दिल्या, लायसन्स पोलिसांना परत केलं. अजून पाच-सहा वर्षं तरी करेन, असं पूर्वी म्हणायचे. त्या वर्षांत किती कान झाले असते? त्यांच्या यादीतल्या लोकांचं काय झालं, कुणाला किती थांबावं लागलं – मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

मंडळाने शाळेचा हॉल भाड्याने घेऊन त्यांचा सत्कार केला. भाषण कुणी करायचं? सगळे म्हणाले, सुहासने. आणि मी केलं. माझ्यावर विश्वास बसतोय का तुमचा? मी उभा राहिलो आणि म्हणालो की दुसऱ्याला इजा होण्याआधी आपणहून थांबायला फार मोठं मन लागतं. म्हणालो, प्रामाणिकपणा शिकावा तर दादांकडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी डोळे पुसले. बोलताना माझा आवाज भरून आला होता, आणि तो खराच भरून आला होता – त्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

खाली उतरलो तर दादांनी मिठी मारली. कानाशी म्हणाले,

"तू खरं बोललास म्हणून मी थांबलो बघ. दुसरा कुणी असता तर तोंडदेखलं बोलला असता. मग माझ्या हातनं कुणाचा तरी कान गेला असता. उपकार आहेत तुझे."

मी त्यांना घट्ट धरून ठेवलं. सोडलं असतं तर माझं तोंड त्यांना दिसलं असतं.

मागच्या गणपतीत पिनरला गेलो होतो. बायका हार करत बसल्या होत्या, आणि एकीलाही सुईत दोरा ओवता येईना. दादांनी सुई घेतली, खिडकीकडे धरली, दोरा एका झटक्यात पार. मग दुसरी. तिसरी. चष्मासुद्धा पुसला नाही. त्या सुया एवढ्या बारीक, आणि तो हात – दगडासारखा. बायका हसल्या, वाहवा झाली. फक्त सुनीतावहिनी हसल्या नाहीत. त्या त्यांच्या हाताकडे बघत होत्या आणि मग सावकाश त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी उठून बाहेर शेडकडे गेलो, तिथून गाडीशी, तिथून परत दाराशी. आरती सुरू झाली तरी मी आत-बाहेर करत होतो.

त्यानंतर एकदा ठरवून गेलो होतो. सांगायचंच म्हणून. शनिवार सकाळ, वहिनी बाजारात गेलेल्या, घरात आम्ही दोघेच. दादा मागे वाफ्यात मेथी पेरत होते. गुडघ्यावर बसून, चिमटीने, ओळीत. मी म्हणालो, "दादा, एक बोलायचं होतं." ते म्हणाले, "बोल की." आणि वर बघितलं. उन्हात डोळे बारीक करून, हसून. त्या चेहऱ्यावर शांतता होती. त्यांनी स्वतःला समजावलं होतं, की आपण वेळेवर थांबलो, आपल्या हातून वाईट घडू दिलं नाही. ती शांतता मी दिली होती का? की तीही काढून घ्यायला मी आलो होतो? असे विचार तेव्हा मला फार उदात्त वाटले. घरी येताना कळलं की तेही भित्रेपणाचंच बोलणं. मी म्हणालो, "मुलीसाठी गाडी बघताय असं ऐकलं. कुठली घेताय?"

"तुलाच विचारणार होतो," ते म्हणाले. "तू सांगशील ती."

मी सांगितली. त्यांनी घेतली. चांगली चालते आहे म्हणतात.

दादांचा हात हलला नव्हता. मी बघत नव्हतो, तरी हलला असेल-नसेल अशी शंकाही नाही. आणि गोळी जिथे लागली, तिथे ती न हललेल्या हातानेच लागते. चकती माझ्या आकड्याने फिरली होती. हे मला त्या संध्याकाळी, गाडीत, त्यांनी विचारायच्या आधी माहीत होतं. त्यांना आजही माहीत नाही. या क्षणी ते पिनरला त्यांच्या वाफ्यापाशी असतील.